लाइन क्लिअर कोणाचा?

पत्र असं आहे:

‘ताई, जय ख्रिस्त. मी ताप्ती लाइनवरच्या एका लहान स्टेशनवर स्टेशन मास्तर आहे. घर अमळनेरला. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, माझ्याजवळ असते. वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा आणि धाकटा चार. आईनं लोकांच्या शेतात कापूस वेचून आम्हाला वाढवलं. पहाटे चूल पेटवायच्या आधी तिची प्रार्थना असायची. आता गॅस आहे, पण प्रार्थना तीच.

धाकटा नंदुरबारला असतो. दोन वर्षांपूर्वी तो एका नव्या मंडळीत जायला लागला. आता म्हणतो, बाप-पुत्र-पवित्र आत्मा हे तीन देव माणसांनी बनवले, शास्त्रात त्रैक्य हा शब्दच नाही, येशू हाच बाप आणि येशू हाच आत्मा. आपल्या सगळ्यांचा बाप्तिस्मा बाद, फक्त येशूच्या नावानं पुन्हा घ्यायचा. श्रावणात शेजारच्या काकूंनी कानबाई देवीच्या पुरणपोळीचं ताट पाठवलं, ते त्यानं आईच्या पुढून उचलून बाहेर ठेवलं. त्याच काकूंनी नंतर मला विचारलं, “मास्तर, तुमना देव एक शे का तीन शेतस?” मला सांगता आलं नाही. मी स्वतःच अडकलोय. येशू म्हणतो, सर्व अधिकार मला “दिला” आहे. दिला म्हणजे देणारा मोठा. मग देव एक कसा?

त्यांचे पास्टर म्हणतात, माझ्या तोंडून देव बोलतो, माझा शब्द मोडला तर देवाचा मोडला, अभिषिक्ताविरुद्ध बोलू नये. आईला नाताळाआधी तापीवर नेऊन बाप्तिस्मा द्यायचा असा त्यांचा आग्रह आहे. आई रात्री उठून बसते आणि विचारते, “साठ वरीस मी कोनले हाक मारी रे भाऊ?” काय करू?’

भाऊ, जय ख्रिस्त.

तुम्ही प्रश्न तीन-चार विचारलेत, पण मला झोप लागू दिली नाही ती शेवटच्या ओळीनं. म्हणून आधी तिचं. आईला तापीत उतरवू नका. थंडीत नको आणि उन्हाळ्यातही नको. कारण पुढे येईलच, पण तुम्ही ड्यूटीवर असताना धाकटा गाडी घेऊन दारात आला तर तुमचा निर्णय झालेला असावा, म्हणून आधीच सांगून ठेवते.

आता काकूंचा प्रश्न. एक की तीन?

मोशे इस्राएल लोकांना सांगतो, आपला देव परमेश्वर हा अनन्य परमेश्वर आहे. हे बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात, चौथ्या ओवीत आहे. यहुदी माणूस आजही ते सकाळ-संध्याकाळ म्हणतो. मूळ इब्री शब्दाचा साधा अर्थ ‘एक’. आपल्या मराठी शास्त्रात मात्र तिथे ‘अनन्य’ हा शब्द आहे, आणि ज्यानं तो निवडला त्याला मी मनात कित्येकदा हात जोडलेत. ‘एक’ हा मोजणीचा शब्द आहे. एक गोणी, एक डबा, एक देव. ‘अनन्य’ म्हणजे ज्याला सोडून दुसरा नाही असा. वारकऱ्यांच्या तोंडी अनन्यभाव असतो तोच हा. मोशेनं पुढच्याच ओवीत काय मागितलं ते पाहा. संपूर्ण मनानं, संपूर्ण जिवानं, संपूर्ण शक्तीनं त्याच्यावर प्रीती कर. हे शब्द मुलांना शिकव, घरात बसलास तरी बोल, वाटेनं चाललास तरी बोल, दाराच्या चौकटीवर लिही. मोशे काही हिशेब मांडत नव्हता. तुझं मन वाटलं जाऊ देऊ नकोस, एवढं तो सांगत होता. मिसर सोडून आलेल्या आणि कनानच्या वेशीवर उभ्या असलेल्या त्या लोकांपुढे प्रश्न देव किती हा नव्हता, पाऊस पडला नाही की धावायचं कोणाकडे हा होता.

येशूनंही हेच म्हटलं. मार्कच्या बाराव्या अध्यायात एक शास्त्री त्याला विचारतो, सगळ्यांत पहिली आज्ञा कोणती? येशू तिथे मोशेचीच ओवी म्हणतो, तशीच्या तशी. शास्त्री म्हणतो, गुरुजी, खरं बोललात, देव एकच आहे. येशू त्याला ‘थांब, तुला अजून पूर्ण माहीत नाही’ असं म्हणत नाही. म्हणतो, तू देवाच्या राज्यापासून दूर नाहीस. त्यामुळे काकूंना बेधडक सांगा की देव एकच. यात पायरी खाली उतरायची गरज नाही. आणि त्यांना तीन ऐकू का येतात, तेही समजून घ्या. आपण प्रार्थनेत तीन नावं घेतो, त्यांच्या कानावर तीन पडतात, यात त्यांची चूक नाही. आपल्या खानदेशात गावोगाव महानुभाव घरं आहेत. परमेश्वर एक, बाकी साऱ्या देवता वेगळ्या, हा भेद त्यांनी चक्रधरांपासून साडेसातशे वर्षं जपला, आणि तरी ते पंचकृष्णांचं नाव घेतात. त्यांची शिकवण वेगळी, आपली वेगळी, ती एकात एक मिसळू नये. पण नावं पाच म्हणजे परमेश्वर पाच, असं कोणी त्यांना म्हटलं तर ते हसतील, एवढं काकूंनाही ठाऊक असेल.

अवघड ते यापुढे आहे. पहिले शिष्य सगळे यहुदी. रोज ‘आपला देव परमेश्वर अनन्य’ म्हणणारे. तेच लोक येशूपुढे गुडघे टेकतात आणि आपण काही मोडलं असं त्यांना वाटतच नाही, ते कसं? याचं सगळ्यांत जुनं उत्तर पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रात आहे, आठव्या अध्यायात. क्रूसानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी लिहिलेलं. पौल मोशेची ओवी घेतो आणि तिच्यातले दोन शब्द उलगडतो. आपल्याला एकच देव आहे, तो पिता, ज्याच्यापासून सर्व काही झालं. आणि एकच प्रभू आहे, येशू ख्रिस्त, ज्याच्याद्वारे सर्व काही झालं. ‘देव’ आणि ‘प्रभू’, मोशेच्या ओवीत हे दोन्ही एकाच परमेश्वराबद्दल आहेत. पौलानं त्या एकाच्या शेजारी दुसरा आणून बसवला नाही, त्या एकातच येशूला पाहिलं. फिलिप्पैकरांच्या पत्रातही तसंच. यशयाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात परमेश्वर शपथ घेऊन म्हणतो, प्रत्येक गुडघा माझ्यापुढे टेकेल. पौल तेच शब्द येशूच्या नावाला लावतो, आणि लगेच म्हणतो, हे सारं देवपित्याच्या गौरवासाठी.

पण भाऊ, हा आठवा अध्याय कशाबद्दल आहे ते तुमच्या लक्षात आलं का? ताटाबद्दल. करिंथ गावात देवळांत नैवेद्य दाखवलेलं अन्न बाजारात आणि शेजाऱ्यांच्या पंगतीत येई. ते खावं की नाही, यावर मंडळीत भांडण लागलं होतं. ‘देव एकच’ हे एवढं मोठं विधान पौल तिथे, त्या जेवणाच्या भांडणात करतो. आणि त्याचं म्हणणं दोन्ही बाजूंना लागतं. मूर्ती काही नाही हे ज्याला कळलंय त्याला अन्न बाधत नाही. पण ज्याचं मन कचरतं त्याच्यासमोर मुद्दाम खाऊन त्याला पाडू नका. ज्ञान फुगवतं, प्रीती उभारणी करते. तुझ्या ज्ञानानं तो दुबळा भाऊ नाश पावेल, ज्याच्यासाठी ख्रिस्त मेला. धाकट्याला पुरणपोळी खायची नव्हती, तर त्यानं खायची नव्हती, त्याच्या मनाला मान. आईच्या पुढून ताट उचलणं ही वेगळी गोष्ट. (आणि कानबाईच्या दिवसांतली खापरावरची पोळी! मी असते तर आधी पोळी वाचवली असती, चर्चा मग.)

आता धाकट्याचं म्हणणं. त्याला खोटं पाडायच्या घाईत त्यातलं खरं फेकू नका. त्रैक्य हा शब्द शास्त्रात नाही, हे तो बरोबर बोलतो. योहानाच्या पहिल्या पत्रात, पाचव्या अध्यायात, काही जुन्या भाषांतरांत ‘स्वर्गात साक्ष देणारे तीन’ असं वाक्य सापडतं. ते जुन्या ग्रीक हस्तलिखितांत नाही. इरॅस्मस या विद्वानानं १५१६ च्या आपल्या ग्रीक नव्या करारात ते घेतलं नव्हतं, १५२२ च्या आवृत्तीत घेतलं. त्या ओवीच्या आधारानं तुम्ही वाद घालायला गेलात तर धाकटा तुम्हाला पाडेल, आणि पाडावंच. ‘ज्याने मला पाहिलं त्याने पित्याला पाहिलं’ हे वचन त्याच्या हातात आहे, कलस्सैकरांस पत्रात देवपणाची पूर्णता ख्रिस्तात देहरूपानं वसते असं आहे, तेही त्याच्या हातात आहे. ही लहान वचनं नाहीत.

त्याचं मत नवंही नाही. दुसऱ्या-तिसऱ्या शतकात रोममध्ये हे शिकवणारे होते, त्यातला साबेलियस नावानं प्रसिद्ध आहे. एकच देव कधी बाप होतो, कधी पुत्र, कधी आत्मा, जसा एकच नट तीन सोंगं घेतो. अलीकडच्या काळात हे मत पेंटेकॉस्टल पंथाच्या लोकांत १९१३ नंतर अमेरिकेत पुन्हा निघालं आणि १९१६ मध्ये त्यावरून तिथल्या मंडळ्या फुटल्या. त्याचीच एक फांदी नंदुरबारपर्यंत आली असं समजा. आणि खरं सांगू? आपण संडे स्कूलमध्ये मुलांना पाणी, बर्फ आणि वाफेचा दाखला देतो ना, एकच पाणी तीन रूपांत, तो दाखला धाकट्याच्या मताचा आहे, आपल्या नाही. एकच माणूस कोणाचा बाप, कोणाचा मुलगा, कोणाचा नवरा, तोही त्याचाच. मी स्वतः पंचवीस वर्षं तो बर्फ मुलांपुढे ठेवला. त्यामुळे धाकट्याला कोणी ‘पाखंडी’ म्हणू लागलं की मला जरा ओशाळायला होतं.

तो दाखला तुटतो कुठे? यार्देन नदीवर. येशू पाण्यातून वर येतो, आत्मा कबुतरासारखा उतरतो, आकाशातून वाणी होते: तू माझा प्रिय पुत्र. आणि गेथशेमाने बागेत. ‘अब्बा, बापा, हा प्याला माझ्यापासून दूर कर. तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.’ बाप आणि पुत्र ही एकाच नटाची दोन सोंगं असतील तर त्या रात्री तो बोलत कोणाशी होता? घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडेपर्यंत कोणी स्वतःशी संवाद करत नाही. धाकट्याला एवढा एकच प्रश्न विचारा, शांतपणे, आणि लगेच उत्तर मागू नका.

‘हे सगळं निकीयात राजानं ठरवलं’ असंही तो म्हणेल, सगळे म्हणतात. निकीया गावातली बिशपांची सभा ३२५ मध्ये कॉन्स्टंटाइन बादशहानं बोलावली हे खरं. वाद होता आरियस नावाच्या धर्मगुरूचा. तो म्हणे पुत्र थोर खरा, पण निर्माण केलेला. सभेनं ते नाकारलं. पण पुढे बादशहांचं मन फिरलं, आरियसच्या बाजूच्यांना दरबारात मान मिळाला आणि निकीयाची बाजू धरणारा बिशप अथनेशियस पाच वेळा हद्दपार झाला. ते मत राजानं घडवलेलं असतं, तर राजांनीच हाकलून दिल्यावर ते टिकलं कशाला असतं? ते पुढे राहिलं, ३८१ मध्ये पुन्हा मांडलं गेलं. यापेक्षा जास्त इतिहास आईच्या प्रश्नाला लागत नाही.

तुमची स्वतःची अडचण मला जास्त मोलाची वाटते, कारण ती प्रामाणिक आहे आणि तुमच्या नोकरीतूनच सुटते. माझे यजमान भुसावळला रेल्वेत होते. ते मध्य रेल्वेचे, तुम्ही पश्चिमचे, पण नियम तोच. पुढच्या स्टेशननं लाइन क्लिअर, म्हणजे लाइन मोकळी असल्याची परवानगी, दिल्याशिवाय तुम्ही गाडी सोडू शकत नाही. तो मिळाला की शेवटचा सिग्नल मोकळा करता, आणि तो मोकळा सिग्नल हीच ड्रायव्हरची अथॉरिटी टू प्रोसीड, पुढे जायची परवानगी. हजारो टन ओढणारं इंजिन तुमच्यासारख्या पगारी माणसाच्या एका हालचालीवर थांबतं आणि सुटतं. ही ताकद तुमच्या दंडात आहे का? तुम्ही नियमाखाली आहात म्हणून ती तुमच्या हातात आहे. ज्या दिवशी तुम्ही स्वतःच्या मनानं गाडी सोडाल, त्या दिवशी तुमचा अधिकार वाढणार नाही, संपेल.

कफर्णहूमचा शताधिपती हेच बोलला. त्याचा चाकर आजारी होता. येशू म्हणाला, मी येतो. तो म्हणाला, प्रभू, तुम्ही माझ्या घरी यावं एवढी माझी योग्यता नाही, शब्द बोला, तेवढ्यानं होईल. कारण मीही ताबेदार माणूस आहे, माझ्या हाताखाली शिपाई आहेत, एकाला जा म्हटलं तर जातो. नीट ऐका, तो ‘मी अधिकारी आहे’ म्हणून सुरुवात करत नाही. ‘मी कोणाच्या तरी ताब्यात आहे’ इथून सुरुवात करतो. येशूला त्या परक्या रोमी माणसाचं नवल वाटलं, इस्राएलात एवढा विश्वास सापडला नाही म्हणाला. मला वाटतं, येशूचा अधिकार कुठून येतो हे त्या शिपायाला शास्त्र्यांपेक्षा लवकर कळलं.

आता ‘दिला आहे’ हा शब्द. मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात येशू गालीलातल्या डोंगरावर उभा राहून म्हणतो, स्वर्गात आणि पृथ्वीवर सर्व अधिकार मला देण्यात आला आहे. याच मत्तयात चौथ्या अध्यायात आणखी एक डोंगर आहे. तिथे सैतान त्याला जगातली सारी राज्यं दाखवतो आणि म्हणतो, मला नमन कर, हे सगळं तुला देतो. देऊ केलेला माल जवळजवळ तोच. येशू नाकारतो. काय म्हणून? ‘परमेश्वर तुझा देव याला नमन कर, केवळ त्याचीच उपासना कर.’ हे वाक्य त्यानं कुठून घेतलं? अनुवादाच्या सहाव्या अध्यायातून, ‘अनन्य’ जिथे आहे त्याच पानावरून, नऊ ओव्या खाली. मला या दोन डोंगरांच्या मधली वाट म्हणजेच अख्खं शुभवर्तमान वाटतं. अधिकार पहिल्या डोंगरावरही मिळत होता, लवकर आणि क्रूसाशिवाय. पण लाइन क्लिअर चुकीच्या हाताचा होता. तो सोडून तो लांबच्या वाटेनं गेला आणि बापाच्या हातून घेतला. तुमच्या मनातली ‘देव एक’ आणि ‘अधिकार दिलेला’ यांची टक्कर इथे उरत नाही. त्यानं तो फक्त त्या एकाकडूनच घेतला, म्हणून एकपण शाबूत राहिलं.

पण देणारा मोठा, हे राहतंच, असं तुम्ही म्हणाल. येशूनं स्वतः म्हटलंय, पिता माझ्यापेक्षा थोर आहे. योहानाचा चौदावा अध्याय. मी ते गुळगुळीत करणार नाही. जुन्या शिक्षकांनी त्याचा अर्थ त्यानं घेतलेल्या मनुष्यपणाकडे लावला, काहींनी बाप हा उगम आहे याकडे. मला मात्र खानदेशी शेतकऱ्याच्या घरातून ते समजतं. बापानं जिवंतपणी सातबारा मुलाच्या नावावर केला की गाव कुजबुजायला लागतं, आता म्हाताऱ्याचे हाल. का? कारण देणं म्हणजे आपलं कमी होणं आणि घेणं म्हणजे बाजूला होणं, एवढंच आपल्याला ठाऊक. योहानाच्या पाचव्या अध्यायात बाप सगळा न्याय पुत्राकडे सोपवतो, पुत्र म्हणतो मला स्वतः होऊन काहीच करता येत नाही. सतराव्यात म्हणतो, जे माझं ते सर्व तुझं, जे तुझं ते माझं. आणि पौल करिंथकरांना लिहितो की शेवटी पुत्र राज्य पुन्हा बापाच्या स्वाधीन करेल. एक देतो ते सगळं देतो, दुसरा घेतो ते परत द्यायला घेतो. त्या घरात खातेफोड होणारच नाही. आणि ‘मी आणि पिता एक आहोत’ यातला एक हा असा एक आहे. मूळ ग्रीकमध्ये तिथे ‘एक व्यक्ती’ असा पुल्लिंगी शब्द नाही, नपुंसकलिंगी आहे. धाकट्याला हवा तो अर्थ त्या शब्दातून निघत नाही, आणि आरियसला हवा तोही नाही. याउपर मला समजतं असं मी म्हणणार नाही, आणि जो ‘मला संपूर्ण समजलं’ म्हणतो त्याच्या प्रवचनाला मी बसत नाही.

बाप्तिस्म्याचं थोडक्यात. प्रेषितांच्या कृत्यांत येशूच्या नावानं बाप्तिस्मा आहे, मत्तयात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावानं आहे. तिथेही ‘नाव’ एकवचनी आहे, हे धाकट्याला दाखवा, त्याला आवडेल. दिदाखे नावाचं अगदी आरंभीच्या मंडळीचं एक लहान पुस्तक आहे, त्यात एका जागी तिन्ही नावं आहेत आणि दुसऱ्या जागी नुसतं ‘प्रभूच्या नावात बाप्तिस्मा घेतलेले’ असं आहे. त्या लोकांना या दोहोंत भांडण दिसलं नाही. आणि करिंथात ‘मला अमक्यानं बाप्तिस्मा दिला’ म्हणून तट पडले तेव्हा पौल वैतागून लिहितो, बरं झालं मी क्रिस्प आणि गायस यांच्याखेरीज तुमच्यात कोणाला बाप्तिस्मा दिला नाही. मग आठवतं तसं म्हणतो, हो, स्तेफनाच्या घरच्यांनाही दिला. ज्याला स्वतः दिलेले बाप्तिस्मे धड आठवत नाहीत, तो त्यातल्या शब्दांवर कोणाचं तारण अडवेल असं मला वाटत नाही. म्हणून आईला पाण्यात उतरवू नका. तिचा बाप्तिस्मा झालेला आहे.

आता ते पास्टर. मी त्यांना पाहिलेलं नाही, ते मनानं वाईट असतील असंही म्हणत नाही. पण ‘माझा शब्द मोडला तर देवाचा मोडला’ असं म्हणणारा माणूस कोणाच्या लाइन क्लिअरवर गाडी सोडतो, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. ‘माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका’ हे वचन त्यांनी एकशे पाचव्या स्तोत्रातून घेतलं असणार. ते उघडून वरच्या तीन ओव्या वाचा. तिथे अभिषिक्त म्हणजे अब्राहाम-इसहाक-याकोब, मूठभर, परके, या देशातून त्या देशात भटकणारे, आणि ताकीद दिली आहे ती राजांना. दुबळ्यांना बळवंतांपासून वाचवणारं वचन, ते आज व्यासपीठावरच्या माणसाला म्हातारीच्या प्रश्नांपासून वाचवायला वापरलं जातंय. बिरुया गावचे लोक पौलाचं बोलणं रोज शास्त्रात पडताळून पाहत, आणि लूक त्याबद्दल त्यांना मोठ्या मनाचे म्हणतो. पौलाला पडताळणं चालतं, तर नंदुरबारला का चालू नये?

आणि योहानाचा तेरावा अध्याय. पित्यानं सर्व काही आपल्या हाती दिलं आहे हे जाणून येशू जेवणावरून उठला. सर्व काही हाती आलेला माणूस पुढे काय करेल? त्यानं कमरेला रुमाल बांधला आणि पाय धुवायला बसला. शास्त्रात देवाचा अधिकार कसा दिसतो असं कोणी विचारलं तर मी ही एक ओवी दाखवते.

पंडिता रमाबाईंची गोष्ट मी मुद्दाम सांगते, कारण आईसारख्या बाईला वाटतं की असे प्रश्न पडणं हेच पाप. रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर त्रैक्यावरून, ख्रिस्ताच्या देवपणावरून तिथल्या आपल्या गुरू-सिस्टरांशी पत्रांतून सरळ वाद घातला. एका पुरोहितवर्गाचं जोखड महाप्रयासानं काढून आले, आता दुसरं मानेवर घेणार नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. देवाचं वचन मानीन, ते माझ्या बुद्धीला पटवून द्या. वर्षं गेली, त्यांचा विश्वास त्यांच्या वाटेनं खोल झाला, आणि त्याच बाईनं केडगावला इब्री-ग्रीक शिकून अख्खं शास्त्र मराठीत आणलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये छापून पूर्ण झालं.

धाकट्याला तोडू नका. तुम्ही नऊ वर्षांचे होतात तेव्हा तो चारचा होता, त्याला तुम्ही कडेवर घेऊन फिरवलं असणार. त्याच्याशी आईसमोर वाद नको. तो आला की जेवायला बसवा, ताट त्याला चालेल असं करा, प्रार्थना त्याला करू द्या आणि तो नुसतं ‘येशूच्या नावानं’ म्हणाला तरी मोठ्यानं आमेन म्हणा. बाप्तिस्म्याचा विषय त्यानं काढला तर एकच वाक्य: ‘आईचं झालंय.’ दुसरं वाक्य बोलायचं नाही. सिग्नल लाल म्हणजे लाल, त्यावर चर्चा नसते, तुम्हाला शिकवायला नको.

राहिली आई. तुम्ही लिहिलंय की ती अजून पहाटे प्रार्थना करते. शब्द लिहिले नाहीत, पण आपल्या जुन्या बायकांची प्रार्थना मला ठाऊक आहे. ‘हे आकाशातल्या बापा’ म्हणून सुरुवात आणि ‘येशूच्या नावानं मागते’ म्हणून शेवट. मधे कधी शब्द सुचत नाहीत, नुसते उसासे असतात. पौल रोमकरांना लिहितो की आपल्याला मागता येत नाही तेव्हा आत्मा स्वतः शब्दांत न येणाऱ्या कण्हण्यानं आपल्यासाठी मागतो. म्हणजे बाप, पुत्र, आत्मा तिघेही त्या चुलीपुढे होते, आणि तिनं हाक एकालाच मारली. निकीयाला जे शब्द जमवायला काही आठवडे लागले ते तुमच्या आईच्या तोंडी रोज पहाटे होते. तिला त्रैक्य समजावून सांगायला जाऊ नका.

तिच्याजवळ बसून योहानाचा दहावा अध्याय वाचा, सत्ताविसाव्या ओवीपासून. जमलं तर अहिराणीत सांगा. माझी मेंढरं माझी वाणी ऐकतात, मी त्यांना ओळखतो, कोणी त्यांना माझ्या हातातून हिसकावून घेणार नाही. मग लगेच, माझ्या पित्याच्या हातातून कोणाला हिसकावता येणार नाही. आणि मग ते वाक्य: मी आणि पिता एक आहोत. येशूनं ते वाक्य वादासाठी ठेवलेलं नाही, हे तिला कळू द्या. दोन हात म्हणता म्हणता तो एकच हात झाला, आणि मेंढरू त्या हातात आहे.

मग पुस्तक मिटा आणि तिला विचारा की बाबा गेले त्या वर्षी, दोन लेकरं घरात आणि कापसाचा हंगाम संपलेला, तेव्हा तू हाक मारली होतीस ना, तर कोणी ‘ओ’ दिली होती का. उत्तर तिला देऊ द्या, वेळ लागला तरी. काय म्हणाली ते मला कळवा.